हात लावू नये!

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. ‘एकोणसत्तर’ म्हणजे ५९ की ६९, हे आजही मला क्षणभर थांबूनच कळतं. त्यामुळे मी मासिकाच्या मराठी विभागात लिहितेय हे कळल्यावर आमच्या विंगमध्ये जो हशा पिकला, तो विचारू नका. रूममेट तर म्हणाली, “इंग्लिश सेक्शनमध्ये जागा नाही उरली का गं?”

जागा होती. पण ज्या भांडणाबद्दल मी लिहिणार आहे ते मराठीत झालं आणि मराठीतच मी ते हरले. तेव्हा त्याचा उरलेला भागही मराठीतच झाला पाहिजे, नाही का?

तर झालं असं. गेल्या सेमिस्टरला माझ्या बाबांचा पन्नासावा वाढदिवस होता. बाबांचं बालपण मनमाडला गेलं. स्टेशनवरच्या बुकस्टॉलवरून आणलेली इंद्रजाल कॉमिक्स हा त्यांचा खजिना. आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे नावही माहीत नसेल, म्हणून थोडं सांगते. इंद्रजाल कॉमिक्स टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी मार्च १९६४ मध्ये सुरू केली आणि १९९० मध्ये ती बंद पडली. ली फॉक यांचा फँटम त्यात होता आणि मराठीत तो झाला ‘वेताळ’. जोडीला जादूगार मॅन्ड्रेक होता आणि १९७६ पासून आबिद सुरतींचा अस्सल देशी बहादूरही होता. बाबांच्या पिढीसाठी हे अंक म्हणजे आपल्याकडची आजची सगळी ओटीटी एकत्र केल्यासारखं प्रकरण होतं.

माझं मराठी वाचन जे काही सुधारलं, ते बाबांच्या या वेताळामुळेच. शाळेत आम्ही आर्ची आणि टिनटिन वाचायचो. घरी बाबांकडे उरलेले सात-आठ फाटके अंक होते. ते मला मांडीवर घेऊन बोट ठेवून वाचायला लावायचे. जोडाक्षर आलं की मी अडायचे आणि बाबा म्हणायचे, “थांबायचं नाही, चित्र बघ, चित्र सांगेल तुला.” बाकीचे पन्नास-साठ अंक आजीने कधीतरी दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घातले होते. किलोच्या भावाने! बाबा आजही हा विषय निघाला की गप्प होतात. त्यातला एक अंक तर त्यांनी अर्धाच वाचला होता. चुलतभाऊ घेऊन गेला तो गेलाच.

तो अंक मला मिळाला.

म्हणजे कुठे मिळू शकेल ते कळलं. शहरातल्या पेठेत जुनी कॉमिक्स आणि जुनी खेळणी विकणारं एक दुकान आहे. नाव देत नाही. कारण एक तर संपादक छापणार नाहीत, आणि दुसरं म्हणजे हा लेख एका दुकानाविरुद्ध नाहीच आहे. का ते पुढे येईलच.

दुकान मात्र दृष्ट लागण्यासारखं! काचेच्या कपाटात ही-मॅन, फनस्कूलने आपल्याकडे बनवलेले जी.आय. जो, चावीची पत्र्याची खेळणी, सावंतवाडीची लाकडी भातुकली. भिंतीवर दोऱ्यांना क्लिपा लावून टांगलेले चांदोबा आणि अमर चित्र कथा. दारातच माणूस दहा वर्षांचा होऊन जावा असं सगळं. आणि या सगळ्यावर मोठ्या अक्षरांत एक पाटी: ‘हात लावू नये’. तिच्या खाली दुसरी: ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. तिच्या खाली तिसरी: ‘उगाच चौकशी करू नये’. मी त्या पाट्यांचा फोटो काढून विंगच्या ग्रुपवर टाकलासुद्धा, वर हसण्याचे चार इमोजी लावून. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

माझ्या आधी दुकानात एक आजोबा नातवाला घेऊन आले होते. आजोबांनी कपाटातलं चावीचं माकड नातवाला दाखवलं, “अगदी असंच होतं बघ माझ्याकडे, ढोल वाजवायचं.” नातू पाच-सहा वर्षांचा. त्याने काचेवर बोट टेकवलं. दुकानदार जागेवरूनच ओरडले, “ओ, हात नाही लावायचा! चार हजारांचं आहे ते.” आजोबा म्हणाले, “जरा चावी देऊन दाखवता का?” उत्तर आलं, “घेणार असाल तर दाखवतो.” आजोबांनी नातवाचा हात धरला आणि काही न बोलता ते बाहेर पडले. ते घेणार होते की नाही देव जाणे. पण खेळण्यांच्या दुकानात लहान मुलाने खेळण्याकडे बोट केलं म्हणून त्याला ओरडा बसतो, तेव्हा त्या दुकानात नक्की काय विकलं जातं असा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

पडला नाही, कारण मला माझा अंक दिसला होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत, चारही बाजूंनी चिकटपट्टी मारलेला.

“काका, हा केवढ्याला?”

“पावणेसातशे.”

मी मनातल्या मनात हिशोब करायला लागले. पाऊण, सवा, दीड हे प्रकरण माझं कच्चं आहे. मी मोबाइल काढला तसे ते हसले. “कॉन्व्हेंट का?” मी मान डोलावली. “मग मराठी वेताळ घेऊन काय करणार? इंग्लिशमधला घ्या की, पलीकडे आहे.”

मी म्हटलं, बाबांसाठी हवाय. आणि विचारलं, “उघडून बघू का? सगळी पानं आहेत ना?”

“जुना माल आहे मॅडम. उघडला की पान तुटतं. घ्यायचा तर असाच घ्या.”

६७५ रुपये म्हणजे हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलीसाठी काय असतात हे तुम्हाला सांगायला नको. मेसचा रिबेट आला होता तो आणि वर थोडे, असे मोजून दिले. ‘फक्त रोख’. बिल मागितलं तर म्हणाले, “जुन्या वस्तूला कसलं बिल?” मलाही वाटलं, खरंच की, जुन्या वस्तूला कसलं बिल.

शनिवारी घरी गेले. रात्री केक वगैरे झाल्यावर बाबांनी पिशवी उघडली. आधी त्यांनी अंकाचा वास घेतला (तुमच्याही घरी करतात का असं?) आणि मग वाचायला लागले. आई चष्मा शोधत होती तो मिळेपर्यंत ते अर्ध्यावर पोचले होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसले होते. मध्यावर आल्यावर त्यांनी पान उलटलं, परत मागे घेतलं, पुन्हा उलटलं. म्हणाले, “अगं, वेताळ आत्ता नदीत होता, एकदम गुहेत कसा पोचला?”

मधलं पूर्ण पान गायब होतं. म्हणजे छापील पानं चार. पिना गंजल्या होत्या आणि मधला कागद कधीच निखळला होता. चाळीस वर्षं अर्धी राहिलेली गोष्ट मी ६७५ रुपये देऊन पुन्हा अर्धीच आणली होती!

बाबांनी लगेच अंक मिटला आणि म्हणाले, “शेवट आहे ना, बास झालं. मधलं आपण रचू.” आणि खरंच त्यांनी ती चार पानं मला तोंडी रचून सांगितली, मगर वगैरे घालून. मी हसले. पण मला माहीत होतं की ते मला वाईट वाटू नये म्हणून सांगतायत, आणि त्यांना माहीत होतं की मला ते माहीत आहे.

सोमवारी प्रॅक्टिकल बुडवून मी दुकानात गेले. दुकान बंद. एक ते चार! (हसा, हसा.) चार वाजता पुन्हा गेले. अंक पुढे ठेवला, मधलं पान नाही म्हणून सांगितलं. त्यांनी पाटीकडे बोट केलं. मी म्हटलं, पण तुम्ही उघडूच दिला नाहीत. त्यावर ते जे बोलले ते अजून माझ्या कानात आहे:

“मधली पानं तुम्हीच काढून घेतली नाहीत कशावरून?”

मला एकदम काही सुचेना. राग आला की माझं मराठी संपतं. मी इंग्लिशमध्ये भराभर काहीतरी बोलले. ते शांतपणे म्हणाले, “इंग्लिश झाडू नका इथे.” आणि दुकानातले दोन गिऱ्हाईक हसले. मी बाहेर आले आणि बसस्टॉपवर उभं राहून, वय वर्षं वीस, चक्क रडले. पैशासाठी नाही. चोर ठरवल्यासाठी. आणि आपल्याच भाषेत आपल्याला भांडता येत नाही म्हणूनही.

असो. रडगाणं पुरे. आता मुद्द्यावर येते.

आधी दुकानदारांची बाजू, कारण ती आहे. दहा जण येतात, नऊ जण ‘आमच्याकडेही होतं’ म्हणून फोटो काढून जातात. त्यात आपली कॉलेजची गँग असते. इंद्रजालसारख्या स्वस्त अंकांचा कागदही स्वस्तातला. अशा कागदात लाकडातलं लिग्निन राहिलेलं असतं. हवा आणि उजेड लागला की कागद पिवळा पडतो आणि पुढे ठिसूळ होतो. प्रत्येकाने उघडून बघितलं तर वर्षभरात विकायला काही उरणारच नाही. हे मला मान्य आहे. भावाबद्दलही माझी तक्रार नाही. वस्तू थोड्या आणि मागणारे खूप, म्हणजे भाव चढणारच. मेहनतीने या वस्तू शोधून आणणाऱ्याने दोन पैसे जास्त का मिळवू नयेत?

पण गिऱ्हाइकाने हात लावायचा नाही हे ठरलं, की जबाबदारी दुप्पट होते, अर्धी नाही. मी बघू शकत नसेन तर तुम्ही बघून मला सांगायला हवं. साधा हिशोब आहे.

आपण इंजिनिअरिंगवाले आहोत, आपल्याच भाषेत बोलू. प्रोजेक्टसाठी आपण बुधवार पेठेत आयसी आणि सेन्सर आणायला जातो. तिथे गर्दी असते, कुणी ‘या बसा’ म्हणत नाही. पण माझा अनुभव असा की वीस रुपयांचा रिले घेतला तरी काउंटरवरचा मुलगा मीटर लावून ‘क्लिक’ ऐकवतो आणि मग देतो. एकदा जुना ट्रान्सफॉर्मर घेतला तेव्हा दुकानदारानेच सांगितलं, “एक टॅपिंग गेलंय याचं, चालत असेल तर घ्या, पन्नास कमी द्या.” बघा, जुना माल तोही होता! जुना असणं आणि सदोष असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि सदोष असणं हासुद्धा गुन्हा नाही. दोष लपवणं हा गुन्हा.

परदेशात जुन्या कॉमिक्सचा केवढा मोठा बाजार आहे! अमेरिकेत ओव्हरस्ट्रीटची किंमत-पुस्तिका १९७० पासून निघते. २००० साली तिथे सीजीसी नावाची कंपनी सुरू झाली, जी पैसे घेऊन तुमचा अंक तपासते आणि ०.५ ते १० अशा पट्टीवर त्याला चक्क मार्क देते! पिना गंजल्यात का, मधलं पान सुटलंय का, मुखपृष्ठावर घडी आहे का, सगळं बघितलं जातं आणि मग अंक प्लॅस्टिकच्या डबीत बंद होतो. म्हणजे डबी बंदच असते, पण आत काय आहे हे बाहेर लिहिलेलं असतं. आपल्याकडे फक्त चिकटपट्टी आली, मार्क राहूनच गेले. मी म्हणत नाही की पेठेतल्या दुकानदाराने अमेरिकन यंत्रणा बसवावी. पिशवीवर पेन्सिलीने ‘मधलं पान नाही’ एवढे तीन शब्द लिहिले असते तर? मी कदाचित ३०० रुपये देऊन तोच अंक आनंदाने घेतला असता. बाबांना आधीच सांगितलं असतं, मधलं आपण रचू.

नंतर मी लायब्ररीत जाऊन ग्राहक संरक्षण कायदा वाचला (सबमिशन सोडून मी स्वेच्छेने लायब्ररीत गेले, याची नोंद व्हावी). पहिला कायदा १९८६ चा होता. आताचा २०१९ चा, तो जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात ‘अनुचित व्यापारी प्रथा’ कशाला म्हणायचं याची यादी आहे. विकलेल्या मालाचं बिल न देणं त्या यादीत आहे. सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हेही आहे, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ती तीस दिवसांची धरतात. मी दुसऱ्याच दिवशी गेले होते! म्हणजे दोन दिवसांनी, मध्ये रविवार होता. वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि किंमत कळणं हा तर ग्राहकाचा हक्कच आहे. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्कही नाही. आणि १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करता येतो. थोडक्यात काय, ‘माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी म्हणजे कायदा नव्हे. ती नुसती पाटी आहे.

गंमत अशी की ग्राहक चळवळीचं एक मोठं घर म्हणजे हेच पुणे. बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत १९७४ साली इथेच सुरू केली, म्हणजे १९८६ च्या कायद्याच्याही बारा वर्षं आधी. आणि त्याच पुण्यात आपण काय करतो? पुणेरी पाट्यांचे फोटो काढतो आणि हसतो. पु. लं.नी पुण्याच्या दुकानदाराची केलेली थट्टा तर आपल्याला तोंडपाठ. पण थट्टा ही टीका होती हो! आपण तिचं कौतुक करून टाकलं. गिऱ्हाइकाचा अपमान म्हणजे जणू शहराची संस्कृती, बाकरवडीसारखी बांधून गावाला न्यायची वस्तू.

आणि इथेच मला माझा तो फोटो आठवतो, चार इमोजींवाला. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी मी आधीच वाचली होती, आणि हसले होते. त्या आजोबांना ओरडा बसला तेव्हाही मी गप्प होते, कारण मला माझा अंक हवा होता. आठवड्याभरात माझी पाळी आली तेव्हा दुकानातले दोघे जण हसले. त्यांना मी काय नावं ठेवू? ते तेच करत होते जे मी केलं होतं.

म्हणून मघाशी म्हटलं, हा लेख एका दुकानाविरुद्ध नाही. जुन्या वस्तूंचं दुकान इतर दुकानांसारखं नसतं. साबण खराब निघाला तर माणूस दुसरा साबण घेतो. पण इथे येणारा माणूस काहीतरी हरवलेलं शोधत येतो. कुणाचा ढोल वाजवणारा माकड, कुणाचा अर्धा राहिलेला वेताळ. अशा माणसाला फसवणं फार सोपं असतं, कारण तो आधीच हळवा झालेला असतो. तो बिल मागत नाही, घासाघीस करत नाही, पिशवी उघडायचा हट्ट करत नाही. त्याच्या या हळवेपणावर धंदा करायला हरकत नाही, पण त्याचा फायदा उठवणं बरोबर नाही.

आपल्याकडून काय करता येईल? फार काही नाही. घेणार नसू तर वस्तू हाताळायची नाही आणि दुकानदाराचा वेळ खायचा नाही, ही आपली बाजू. घेणार असू तर दोन प्रश्न विचारायचे: यात काय काय नाही? आणि बिल मिळेल ना? दोन्हींचं उत्तर नीट मिळालं नाही तर कितीही जीव अडकला तरी पैसे परत खिशात. आणि समोर दुसऱ्या कुणाचा अपमान होत असेल तर निदान हसायचं तरी नाही. जमलं तर “अहो, दाखवा की त्यांना” एवढं म्हणायचं. चार शब्दांचं वाक्य आहे, कॉन्व्हेंटवालीलासुद्धा जमेल.

गेल्या महिन्यात हॉस्टेलजवळच्या रद्दीवाल्याकडे मला एक जुना चांदोबा दिसला. मी उचलला तर रद्दीवाले दादा म्हणाले, “थांबा ताई, बघू द्या.” त्यांनी थुंकी न लावता (हे महत्त्वाचं!) एकेक पान मोजलं आणि म्हणाले, “शेवटचं पान फाटलंय. वीसचे पंधरा द्या.” मी वीस दिले. पाच रुपये कशाचे ते मी त्यांना सांगितलं नाही.

जाता जाता एक विनंती. तुमच्यापैकी कुणाच्या घरी माळ्यावर ट्रंकेत इंद्रजालचे मराठी अंक असतील तर मला १०७ नंबरच्या खोलीत येऊन सांगा. अंकाचं नाव इथे लिहीत नाही, नाहीतर उद्या त्याचा भाव हजारावर जाईल. मला अंक नको, फक्त मधल्या चार पानांची झेरॉक्स हवी आहे. नदीतून वेताळ गुहेत कसा पोचला ते बाबांना दाखवायचंय. मगर होती की नाही तेही बघायचंय.

झेरॉक्सचे पैसे देईन. हवं तर बिलसुद्धा देईन.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी